अनेक ॲरेंमधले सामाईक घटक : उत्तर रिकामं, जास्तीचं किंवा अर्धवट येतं तेव्हा कुठे बघायचं

"ताई, एरर काहीच नाही. कोड चालून राहिला, पण आउटपुट रिकामं येऊन राहिलं. काहून?"

नागपुरात त्रिमूर्ती नगरातल्या आमच्या घरी संध्याकाळी इंजिनिअरिंगची पाच-सहा मुलं-मुली प्रोग्रामिंगचा सराव करायला येतात. ॲरेचा, म्हणजे एका नावाखाली ओळीने ठेवलेल्या घटकांच्या यादीचा, धडा सुरू झाला की हे वाक्य ठरलेलं. प्रश्न दिसायला सोपा असतो: तीन किंवा जास्त ॲरे दिले आहेत, त्या सगळ्यांमध्ये असलेले घटक शोधा. दोन ॲरेंपर्यंत सगळं सुरळीत चालतं. तिसरा आला की कोड बिघडतो, आणि दरवेळी त्याच चार-पाच जागी बिघडतो. मुलं मग इकडे एक वाढव, तिकडे एक कमी कर, असं करत बसतात. तासभर असा गेला की "आपल्याला हे जमत नाही" म्हणून लॅपटॉप मिटतात. याचं मला फार वाईट वाटतं, कारण चूक बहुतेक वेळा एका ओळीची असते. म्हणून त्या जागा इथे लिहून ठेवते आहे.

कोडला हात लावण्याआधी

ज्याचं उत्तर आपल्याला आधीच पाठ आहे असा छोटा इनपुट बनवा. मी आपली मेट्रो घेते. ऑरेंज लाइन ऑटोमोटिव्ह चौक ते खापरी, ॲक्वा लाइन प्रजापती नगर ते लोकमान्य नगर. सगळी स्टेशनं लिहायची गरज नाही, मधला तुकडा पुरतो:

पहिला : कस्तुरचंद पार्क, झिरो माईल, सीताबर्डी, काँग्रेस नगर
दुसरा : कॉटन मार्केट, सीताबर्डी, झाशी राणी चौक, शंकर नगर चौक
तिसरा : सीताबर्डी, काँग्रेस नगर, शंकर नगर चौक, सीताबर्डी

पहिले दोन ॲरे दोन लाइनींचे. तिसरा म्हणजे घरातल्या कोणीतरी आठवडाभरात ज्या स्टेशनांवर चढ-उतार केली त्यांची नोंद. उत्तर एकच, सीताबर्डी. गाडी कुठे बदलायची हे नागपुरात कोणाला विचारावं लागत नाही, त्यामुळे कोडने दुसरं काही छापलं तर चूक कोडची आहे यात शंका उरत नाही. तिसऱ्या ॲरेत सीताबर्डी मुद्दाम दोनदा घातली आहे आणि काँग्रेस नगर, शंकर नगर चौक ही दोन्ही मुद्दाम दोन-दोनच ॲरेंत ठेवली आहेत. खाली येणाऱ्या चुकांपैकी बऱ्याच या बारा नावांवरच पकडल्या जातात.

आणि एक गोष्ट कागदावर लिहा: या प्रश्नात "सामाईक" म्हणजे नेमकं काय? घटक एकदाच छापायचा, की जितक्यांदा सगळ्यांत आहे तितक्यांदा? क्रम पहिल्या ॲरेचा हवा, चढता हवा, की कसाही चालेल? प्रश्नात हे लिहिलेलं असतं, नाहीतर नमुना आउटपुटवरून कळतं. हे न ठरवता लिहिलेला कोड अर्ध्या टेस्ट केस पास करतो आणि अर्ध्यांवर अडतो. मग माणूस भलत्याच ओळीत चूक शोधत राहतो.

उत्तर रिकामं येतंय

सुरुवातीच्या वाक्यातली ही तक्रार. दहापैकी नऊ वेळा मला एकच ओळ सापडते: उत्तरासाठी रिकामा सेट (प्रत्येक घटक एकदाच ठेवणारा संच) घेतला आहे आणि लूपमध्ये त्याचा प्रत्येक ॲरेशी छेद, म्हणजे दोन्हींत असलेले घटक, काढला आहे.

नववीच्या गणित भाग १ मधला पहिलाच धडा आठवा, "संच". रिक्त संचाचा कशाशीही छेद घेतला तरी उत्तर रिक्त संचच. बेरजेची सुरुवात शून्यापासून करायची आणि यादी भरायची तर ती रिकामीपासून, ही सवय हाताला इतकी लागलेली असते की इथेही बोटं तेच टाइप करतात. संयोगासाठी ती सवय बरोबर आहे. छेदासाठी सुरुवात विश्वसंचापासून, म्हणजे सगळेच घटक असलेल्या संचापासून, व्हायला हवी. विश्वसंच हाताशी नसतो, म्हणून त्याच्या जागी पहिला ॲरे घ्यायचा:

उत्तर = पहिल्या ॲरेचा सेट
दुसऱ्यापासून शेवटच्यापर्यंत प्रत्येक ॲरेसाठी :
  उत्तर = उत्तर आणि या ॲरेचा सेट यांचा छेद

हे करूनही रिकामंच येत असेल तर फंक्शन काय परत देतं ते बघा. जावामधलं रिटेनऑल छेद परत देत नाही. मूळ सेटमध्येच बदल करतं आणि परत देतं फक्त खरं किंवा खोटं, म्हणजे "काही बदललं का" याचं उत्तर. पायथनमधलं इंटरसेक्शन अपडेटही तसंच, ते परत नन देतं. नुसतं इंटरसेक्शन मात्र नवा सेट देतं. या दोघांची गल्लत झाली की चांगला भरलेला सेट एका ओळीत नाहीसा होतो. आणि पायथनमध्ये रिकामे महिरपी कंस म्हणजे सेट नव्हे, डिक्शनरी, म्हणजे प्रत्येक घटकासोबत त्याची एक किंमत ठेवणारी रचना.

जास्तीचे घटक येतायत

या चुकीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण ती करणारी मुलं हुशार असतात. सेटची मदत न घेता स्वतःच्या डोक्याने रस्ता काढलेला असतो: सगळे ॲरे एकापाठोपाठ फिरायचे, प्रत्येक घटक किती वेळा आला ते डिक्शनरीत मोजायचं, आणि ज्याची मोजणी ॲरेंच्या संख्येइतकी झाली तो सामाईक. कल्पना छान आहे. फक्त ती दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देते.

हे आकडे घ्या:

पहिला : ४, ७, ७, ९
दुसरा : ७, ४, १२
तिसरा : ४, ९, १५

नजरेनेच कळतं की सामाईक फक्त ४. आता मोजणी करा. ४ आला तीनदा. ७ पहिल्यात दोनदा आणि दुसऱ्यात एकदा, म्हणजे तोही तीनदा. ९ दोनदा. कोड छापतो ४ आणि ७. तिसऱ्या ॲरेत सात नावालाही नाही.

उलटही होतं. पहिल्या ॲरेत ४ दोनदा असता तर त्याची मोजणी चार झाली असती आणि "तीनशी बरोबर" या अटीत तो बसला नसता. मग मुलं "बरोबर" काढून "किंवा जास्त" करतात. हरवलेला ४ परत येतो, पण सोबत आणखी चार चुकीचे आकडे घेऊन. आजाराला सोडून तापाला औषध दिल्यासारखं ते होतं.

मी त्यांना हजेरीपटाचं सांगते. एकाच दिवशी दोनदा सही केली म्हणून दोन दिवसांची हजेरी लागत नाही. आपल्याला "एकूण किती वेळा" मोजायचं नाही, "किती ॲरेंत" मोजायचं आहे. याचे दोन उपाय. सोपा उपाय असा की मोजण्याआधी प्रत्येक ॲरेचा सेट करून घ्या, म्हणजे एका ॲरेतून एका घटकाची एकच नोंद होईल. दुसरा उपाय मला मनापासून आवडतो, कारण त्यात प्रत्येक ॲरेसाठी वेगळा सेट लागत नाही:

प्रत्येक ॲरेसाठी, क्रमांक क = ०, १, २ … :
  त्यातल्या प्रत्येक घटकासाठी :
    मोजणी[घटक] जर क इतकी असेल, तरच ती क + १ करा
शेवटी : ज्यांची मोजणी ॲरेंच्या संख्येइतकी, ते छापा

डिक्शनरीत नसलेल्या घटकाची मोजणी शून्य धरायची. आता वरचे आकडे हाताने चालवा. पहिल्या ॲरेत क शून्य आहे. ४ ची मोजणी शून्य होती, एक झाली. पहिला ७ आला, त्याची एक झाली. दुसरा ७ आला तेव्हा मोजणी एक आहे आणि क शून्य, म्हणून हात लावायचा नाही. ९ ची एक. दुसऱ्या ॲरेत क एक आहे. ७ ची दोन झाली, ४ ची दोन झाली. १२ ची मोजणी शून्य आहे आणि हवी होती एक, म्हणजे तो आधीच्या ॲरेत नव्हता, सोडून द्या. तिसऱ्यात क दोन. ४ ची तीन झाली. ९ ची एकच आहे, तो मधला ॲरे चुकवून आला आहे, त्याला आत घ्यायचं नाही. १५ सोडा. शेवटी तीनवर पोचला तो एकटा ४.

हा तक्ता एकदा वहीत पेन्सिलने भरला की मुलांना ती अट पाठ करावी लागत नाही.

प्रश्नात घटक जितक्यांदा सगळ्यांत आहे तितक्यांदा मागितला असेल, तर गणित बदलतं. तेव्हा प्रत्येक ॲरेची स्वतंत्र मोजणी ठेवायची आणि घटकागणिक सगळ्यात लहान आकडा घ्यायचा. पहिल्यात ७ दोनदा, दुसऱ्यात तीनदा, तिसऱ्यात दोनदा असेल तर उत्तरात ७ दोनदा. पायथनच्या काउंटरमध्ये दोन मोजण्यांच्या मध्ये अँडचं चिन्ह टाकलं की नेमकं हेच मिळतं. इथे सेट वापरला तर तो सगळी पुनरावृत्ती गिळून टाकतो.

असायला हवा तो घटक गायब

ॲरे आधीच चढत्या क्रमाने दिलेले असतात तेव्हा तीन पॉइंटरची (प्रत्येक ॲरेत आपण कुठे आहोत ते दाखवणाऱ्या खुणांची) रीत वापरायला सांगतात. तिन्ही सारखे असले तर घटक छापून तिघांना पुढे न्यायचं, इथपर्यंत सगळ्यांना येतं. सारखे नसले तर कोणाला हलवायचं, इथे घोळ होतो. पुष्कळ जण तिघांनाही हलवतात.

अ : ३, ८, १५, २२
ब : ८, ९, १५, ३०
क : २, ८, १५

पॉइंटर आहेत ३, ८, २ वर. सारखे नाहीत म्हणून तिघांना पुढे नेलं: ८, ९, ८. पुन्हा सारखे नाहीत, पुन्हा तिघे पुढे: १५, १५, १५. छापलं १५. पण ८ तर तिन्ही ॲरेंत होता! ब मधला ८ समोर आला होता आणि बाकीचे दोघे तिथे पोचायच्या आत आपण त्याला सोडून निघालो.

बरोबर रीत: तिघांत मोठा कोण ते बघा, त्याला जागेवर थांबवा, आणि जे त्याच्यापेक्षा लहान आहेत त्यांनाच पुढे सरकवा. ३, ८, २ मध्ये मोठा ८. अ आणि क पुढे गेले की दोघेही ८ वर. जुळलं. तिघे पुढे: १५, ९, १५. आता फक्त ब पुढे. पुन्हा जुळलं. पुढे क संपला, की काम संपलं. कोणताही एक ॲरे संपला की थांबायचं, कारण त्यानंतर तिघांत मिळणारं काही शिल्लक नसतं.

हे सगळं बरोबर असूनही जुळत नसेल तर तुलनेची ओळ बघा. पायथनमध्ये अ == ब == क असं सलग लिहिलं तरी त्याचा अर्थ आपल्या मनातलाच लागतो. सी आणि सी प्लस प्लसमध्ये आधी अ == ब तपासलं जातं, त्याचं उत्तर १ किंवा ० येतं, आणि त्या १ ची तुलना क शी होते. म्हणजे ८, ८, ८ ला "नाही" आणि ८, ८, १ ला "हो"! कंपायलर फार तर एक वॉर्निंग देतो, आणि वॉर्निंग कोणी वाचत नाही. जावा यावर कंपाइलच होत नाही, ते बरंच आहे. अट दोन तुकड्यांत लिहा: अ == ब आणि ब == क.

जावामध्ये एक वेगळा खड्डा आहे. ॲरेलिस्टमध्ये आकडे ठेवले की ते इंटिजर या ऑब्जेक्टच्या रूपात राहतात, आणि दोन ऑब्जेक्टमध्ये == लावलं तर किंमत नव्हे, तीच वस्तू आहे का ते तपासलं जातं. उणे १२८ ते १२७ या आकड्यांचे ऑब्जेक्ट जावा आधीच बनवून ठेवते आणि पुन्हा पुन्हा तेच देते, म्हणून त्या टप्प्यात == योगायोगाने बरोबर चालतं. वर्गातले रोल नंबर घालून बघितलं की कोड अगदी बरोबर. तोच कोड पिनकोडवर लावला की सीताबर्डीचा ४४००१२ दोन्ही याद्यांत असून सापडत नाही. तिथे इक्वल्स वापरायचं. "लहान टेस्ट पास, मोठी नापास" असं दिसलं आणि भाषा जावा असली, तर मी सगळ्यात आधी हीच ओळ शोधते.

जावास्क्रिप्टवाल्यांनी सॉर्ट बघावं. नुसतं सॉर्ट म्हटलं तर ते आकड्यांना अक्षरांसारखं लावतं: ९, ८०, १०० यांचा क्रम होतो १००, ८०, ९. पॉइंटरची रीत यावर चालणारच नाही. सॉर्टला तुलनेचं फंक्शन द्यावं लागतं.

लूप फिरत असताना त्याच यादीतून घटक काढून टाकणं, हेही टाळा. ११, १३, १६ मधला ११ काढला की १३ त्याच्या जागी सरकतो, लूप पुढच्या जागेवर जातो, आणि १३ न तपासताच राहतो. नवीन यादीत भरत जा.

वेळ संपतो

तीन ॲरे, प्रत्येकी १००० घटक, एकात एक तीन लूप: १०० कोटी तुलना. तेच सेटने केलं तर साधारण ३००० घटक एकेकदा हाताळायचे. पायथनमध्ये लिस्टवर "इन" लिहिलं तर लूप डोळ्यांना दिसत नाही, पण आत तो असतोच. एक-एक लाखाच्या दोन लिस्ट असल्या तर वाईटात वाईट १००० कोटी तुलना होतात. ज्यात शोधायचं आहे त्याचा आधी सेट करा, तोही लूपच्या बाहेर. सुरुवात सगळ्यात लहान ॲरेपासून केली तर आणखी बरं, कारण उत्तर त्याच्यापेक्षा मोठं होऊच शकत नाही.

क्रमाबद्दल थोडं. सेट क्रम राखत नाही. पायथनमध्ये लहान आकडे बरेचदा चढत्या क्रमाने छापले जातात, त्यामुळे तो राखतो असा भास होतो. नावं घालून बघा, प्रोग्रॅम पुन्हा चालवला की क्रम बदललेला दिसेल. पहिल्या ॲरेचा क्रम हवा असेल तर शेवटी पहिला ॲरे पुन्हा एकदा फिरा आणि त्यातला जो घटक उत्तरात आहे तो एकदाच छापा.

दिसायला सारखं, पण सारखं नाही

ही शेवटची चूक मला स्वतःला महागात पडली.

तीन दिवसांच्या एका कार्यशाळेची प्रमाणपत्रं तयार करायचं काम माझ्याकडे होतं. तिन्ही दिवस हजर असलेल्यांनाच प्रमाणपत्र. हजेरीच्या तीन याद्या, तीन ॲरे, सामाईक नावं काढा, म्हणजे अगदी हाच प्रश्न. कोड मी दहा मिनिटांत लिहिला. याद्या मराठीत होत्या. प्रमाणपत्रं वाटली आणि तीन मुली येऊन उभ्या राहिल्या: आम्ही तिन्ही दिवस होतो, आमची नावं का नाहीत? हजेरीपट काढून बघितला तर तिघींची नावं तिन्ही पानांवर. स्क्रीनवरही तिन्ही याद्यांत तेच नाव, अक्षरन् अक्षर तेच.

तिघींच्या आडनावांत एक गोष्ट समान होती: ऱ्ह किंवा ऱ्य. "वऱ्हाड" या शब्दावर दाखवते. तो एका कीबोर्डवर असा टाइप होतो: व, ऱ, हलंत (पाय मोडण्याचं चिन्ह), ह, काना, ड. सहा चिन्हं. दुसऱ्या कीबोर्डवर, किंवा जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये बदललेल्या मजकुरात, साधा र, हलंत आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह, झीरो विड्थ जॉइनर, येतं: व, र, हलंत, जॉइनर, ह, काना, ड. सात. तिसरा प्रकार म्हणजे ऱ च्या जागी साधा र आणि खाली नुक्ता, म्हणजे ठिपका, हीसुद्धा सातच. डोळ्यांना तिन्ही वऱ्हाडच. कॉम्प्युटरला ते तीन वेगळे शब्द. पहिल्या दिवशीची यादी मोबाइलवर टाइप केलेली होती आणि दुसऱ्या दिवशीची जुन्या फाइलमधून उचललेली.

म्हणून मराठी मजकूर असेल तर जुळत नसलेल्या नावाची आधी लांबी छापून बघा. एकीकडे सहा आणि दुसरीकडे सात आली की कारण सापडलं. उपाय दोन टप्प्यांत. एनएफसी नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एका ठरलेल्या रूपात आणणं, केलं की नुक्त्याचा प्रकार ऱ मध्ये बदलतो. जॉइनरचा प्रकार त्याने सुटत नाही, त्यासाठी "र, हलंत, जॉइनर" या तिघांच्या जागी "ऱ, हलंत" असं बदलून घ्यावं लागतं. नुसता जॉइनर पुसून टाकू नका, नाहीतर वऱ्हाडचं "वर्हाड" होईल, रफार वर चढेल आणि चौथाच शब्द तयार होईल.

सोबतच दोन्ही टोकांच्या मोकळ्या जागा काढून टाका. विंडोजवरच्या फाइलमध्ये ओळीच्या शेवटी राहिलेलं न दिसणारं चिन्हही त्यात जातं. रोल नंबर मजकूर म्हणून वाचले असतील तर देवनागरी १२ आणि इंग्रजी आकड्यांतले बारा जुळणार नाहीत. पायथन आणि जावा दोघांनाही देवनागरी अंकांचा पूर्णांक करता येतो, तेव्हा तुलनेआधी तो करून घ्या. जावास्क्रिप्टचं नंबर हे फंक्शन मात्र देवनागरी अंक ओळखत नाही.

दुरुस्ती करून यादी पुन्हा काढली, तेव्हा तिन्ही नावं आली. दोघींची प्रमाणपत्रं त्याच आठवड्यात दिली. तिसरी उमरेडची, तिला द्यायला मी रविवारी बसने गेले. प्रमाणपत्र बाजूला ठेवून तिने आधी विचारलं, "पण ताई, नाव तर एकच होतं ना, मग वेगळं कसं मोजलं?" अंगणातच बसून मोबाइलवर तिचं आडनाव दोन्ही प्रकारे टाइप केलं, लांबी छापली, आणि एकाखाली एक आलेले दोन वेगळे आकडे तिला दाखवले.